एकनळी बंदूक आणि पुढचे काडतूस : परवान्याच्या अर्जापासून चकत्यांच्या जोडीपर्यंत

एकनळी बंदुकीच्या परवान्यासाठी मी जानेवारीत अर्ज केला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नेमबाजीसाठी यंत्राने हवेत उडवल्या जाणाऱ्या ठिसूळ चकत्यांपैकी पहिल्या बाराच्या आवाजावर सुटणारी दुसरी चकती, बंदूक पुन्हा भरून, हवेतच फोडणे मला जमू लागले. मधल्या महिन्यांत कागदपत्रे, तपासण्या, प्रशिक्षण आणि सराव यांतून जाताना अनेक गोष्टी कोणाला विचाराव्यात हेच कळत नव्हते. दुनळी किंवा आपोआप भरणाऱ्या बंदुकांविषयी सांगणारे पुष्कळ भेटतात. एका वेळी एकच काडतूस घेणाऱ्या साध्या बंदुकीकडे मात्र नवशिक्याचे हत्यार म्हणून पाहिले जाते आणि तिच्याविषयी नीट कोणी बोलत नाही. म्हणून हा अनुभव घडला त्या क्रमाने लिहीत आहे.

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा रकाना बंदूक कशासाठी हवी हा असतो, आणि तेथे ‘खेळासाठी’ एवढे लिहून भागत नाही. मला क्लबच्या सदस्यत्वाचा दाखला, क्लबच्या बंदुकीवर देखरेखीखाली केलेल्या सरावाची नोंद आणि क्लबच्या सचिवांचे पत्र जोडावे लागले. त्याखेरीज ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, छायाचित्रे, शारीरिक व मानसिक प्रकृतीविषयी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि बंदूक व काडतुसे कोठे ठेवली जाणार याचा तपशील मागण्यात आला होता. कागदपत्रांची यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, त्यामुळे आपल्या कार्यालयाची यादी लेखी घेणे चांगले. परंतु दोन गोष्टी बहुधा सगळीकडेच उपयोगी पडतील. डॉक्टरांच्या प्रमाणपत्राला मुदत असते, म्हणून ते सर्वांत शेवटी घ्यावे, आणि सर्व कागदांवर आपले नाव अक्षरशः एकसारखे आहे याची अर्ज देण्यापूर्वी खात्री करावी. माझ्या शेजारी रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांचा अर्ज केवळ आद्याक्षरे आणि पूर्ण नाव यांतील फरकामुळे परत गेला होता.

मार्चमध्ये चौकशीसाठी अधिकारी घरी आले. पोलादी कपाट भिंतीला आतून पक्के बसवलेले आहे का, काडतुसांसाठी स्वतंत्र कुलूपबंद पेटी आहे का, किल्ल्या कोणाकडे असतात आणि घरात आणखी कोण राहते, हे त्यांनी शांतपणे विचारले आणि लिहून घेतले. ते येण्यापूर्वी माझ्या मनावर बरेच दडपण होते, पण प्रश्न इतके सरळ होते की ते लवकरच उतरले. त्यानंतर मात्र काहीच कळेना. मी ठरावीक अंतराने लेखी विचारणा करीत राहिले आणि प्रत्येक वेळी पोच घेतली. जूनमध्ये परवाना हाती आला. त्यावर बंदुकीचा प्रकार, बोअर (नळीच्या व्यासाचे माप), काडतुसांची मर्यादा आणि नूतनीकरणाची तारीख नोंदलेली असते. काही चुकले असेल तर खिडकीवरून हलण्यापूर्वीच दाखवून द्यावे.

खर्चाचा अंदाज बांधताना बंदुकीकडे कमी आणि काडतुसांकडे अधिक पाहावे. एकनळी बंदूक ही शॉटगनमधील, म्हणजे छर्रे उडवणाऱ्या बंदुकांमधील, सर्वांत स्वस्त बंदुकांपैकी असते. कपाट, प्रशिक्षणाचे शुल्क, कानाची संरक्षक साधने आणि क्लबची वर्गणी यांची बेरीज माझ्या बाबतीत बंदुकीच्या किमतीच्या पुढे गेली. २५ चकत्यांची एक फेरी म्हणजे २५ काडतुसे आणि तितक्याच चकत्या, आणि हा खर्च प्रत्येक सरावाला होतो.

अर्ज देण्यापूर्वीच सुरक्षा प्रशिक्षण पूर्ण झाले होते. बारा बोअर म्हणजे काय, हे तेथे मला पहिल्यांदा नीट समजले. नळीच्या व्यासाएवढे शिशाचे बारा गोळे मिळून एक पौंड, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, भरत असतील तर ती नळी बारा बोअरची; तिचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. वीस बोअरची नळी याच हिशेबाने अरुंद, सुमारे १५.६ मिलिमीटरची असते. चेंबरची, म्हणजे नळीच्या ज्या मागच्या भागात काडतूस बसते त्याची, लांबी ही वेगळी बाब आहे. माझ्या बंदुकीच्या नळीवर ७० मिलिमीटर असे कोरलेले आहे, आणि ही लांबी काडतुसाचे तोंड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे अधिक लांबीचे न उडवलेले काडतूस अशा चेंबरमध्ये सहज बसू शकते, परंतु बार होताना त्याचे तोंड पुढच्या अरुंद भागात उघडते आणि नळीतील दाब धोकादायकरीत्या वाढतो. काडतूस आत जाते, एवढ्यावरून ते योग्य आहे असे समजू नये.

वीस बोअरच्या काडतुसाविषयीचा इशारा तर भरण्याच्या वेगाशी थेट जोडलेला आहे. ते बारा बोअरच्या चेंबरमधून पुढे घसरते आणि नळीच्या अरुंद भागात अडकून बसते. मागून पाहणाऱ्याला चेंबर रिकामे दिसते, घाईत त्यामागे बारा बोअरचे काडतूस भरले जाते, आणि चाप ओढताच नळी फुटते. वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्याची पद्धत याच अपघातामुळे पडली. ज्याला डोळ्यांनी न पाहता काडतूस उचलायची सवय लावायची आहे, त्याच्या खिशात एकाच बोअरची आणि एकाच लांबीची काडतुसे असली पाहिजेत. यात अपवाद नसावा.

जूनच्या अखेरीस स्वतःच्या बंदुकीने पहिला बार काढला. बाहेर घोडा (चाप ओढल्यावर आघात करणारा भाग) असलेली ही बंदूक आहे : वरचा खटका अंगठ्याने बाजूला ढकलला की नळी बिजागरीवर पुढे झुकते, चेंबर उघडे पडते, काडतूस ठेवून बंदूक बंद करायची आणि मारण्याच्या क्षणी घोडा मागे ओढून चढवायचा. घोड्याचा आघात काडतूस पेटवणाऱ्या फायरिंग पिनपर्यंत पोहोचवणारी पट्टी चाप ओढलेला असतानाच वर येते, त्यामुळे उतरलेल्या घोड्यावर काही आदळले तरी बार होऊ नये अशी तिची रचना आहे. तरीही त्या रचनेवर विसंबून नळीची दिशा कधीही विसरायची नाही, हे प्रशिक्षकांनी पहिल्याच दिवशी बजावले. चढवलेला घोडा बार न काढता उतरवण्याचे काम मला सर्वांत अवघड वाटले. अंगठ्याने घोडा घट्ट धरून चाप किंचित ओढायचा, घोडा सुटल्याचे जाणवताच चापावरील बोट काढायचे आणि मग घोडा सावकाश खाली आणायचा. हे मी रिकाम्या बंदुकीवर पुन्हा पुन्हा केले, आणि अंगठा विचार न करता बरोबर काम करू लागेपर्यंत भरलेल्या बंदुकीवर केले नाही.

धक्का अपेक्षेपेक्षा मोठा होता. एकनळी बंदूक हलकी असते, आणि तेच काडतूस जड बंदुकीतून मारल्यास जेवढा धक्का बसतो त्याहून अधिक धक्का हलक्या बंदुकीतून बसतो. पहिल्या दिवशी माझ्याकडे २८ ग्रॅम छर्ऱ्यांची काडतुसे होती. प्रशिक्षकांनी ती बाजूला ठेवायला लावून २४ ग्रॅमची दिली. ऑलिम्पिकमधील ट्रॅप आणि स्कीट हे चकत्या फोडण्याचे प्रकार याच भाराच्या काडतुसांनी खेळले जातात, त्यामुळे चकती फोडण्यास ती कमी पडतील अशी शंका बाळगण्याचे कारण नाही. हलक्या भारामुळे दुसरा लाभ असा झाला की बारानंतर नळी कमी उसळू लागली आणि हात लवकर पुढच्या कामाला मोकळा झाला. कानांसाठी मी आत बोळे आणि वरून मफ अशी दोन्ही साधने वापरते. शॉटगनच्या आवाजाची कमाल पातळी १५० डेसिबलच्या वर जाते, आणि १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाजही श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकतो.

जुलै आणि ऑगस्ट हे महिने मी केवळ पहिल्या बाराला दिले, आणि ज्यांना लवकर भरायला शिकायचे आहे त्यांनीही तसेच करावे असे मला वाटते. अमेरिकन पद्धतीच्या ट्रॅपमध्ये पाच जागांवरून प्रत्येकी पाच चकत्या मिळतात आणि प्रत्येक चकतीवर एकच बार काढता येतो. तेथे एकनळी बंदुकीचे काहीही अडत नाही. कोणता डोळा प्रबळ आहे हे तपासणे, दस्ता प्रत्येक वेळी गालाला आणि खांद्याला एकाच जागी टेकवणे, दोन्ही डोळे उघडे ठेवून माशीकडे (नळीच्या टोकावरील नेमाच्या खुणेकडे) न पाहता चकतीकडे पाहणे, आणि बार झाल्यावरही नळीची गती न थांबवणे, एवढ्यावरच या काळात भर होता. ३६ मीटरच्या आसपास मोठा कागद लावून त्यावर छर्ऱ्यांचा पसाराही पाहिला. फुल चोक, म्हणजे नळीचे तोंड बरेच अरुंद केलेले, असताना ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे पडावेत असा संकेत आहे. आपली बंदूक कोणत्या काडतुसाने कसा पसारा टाकते, हे कागदच सांगतो.

भरण्याच्या सरावाला सप्टेंबरमध्ये सुरुवात झाली. प्रशिक्षकांनी माझी मोबाइलवर मंदगतीची चित्रफीत घेतली आणि ती मला थांबवून थांबवून दाखवली. बंदूक उघडण्यात आणि बंद करण्यात वेळ जात असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वेळ खिशात काडतूस शोधण्यात, ते हातात सरळ करण्यात आणि चेंबरच्या तोंडाशी चाचपडण्यात जात होता. “हात जोरात चालवू नका, हाताचा रस्ता कमी करा,” असे ते म्हणाले, आणि पुढचे सगळे शिक्षण त्या वाक्याच्या आधारे झाले.

पहिला बदल काडतुसांच्या जागेत झाला. जाकिटाच्या खोल खिशाऐवजी उजव्या कमरेला, पुढच्या बाजूस, उघड्या तोंडाची कातडी पिशवी लावली आणि सर्व काडतुसे पितळी बूड वर करून ठेवली. असे केल्याने बोटांना बूड आपोआप सापडते, आणि हात वर येईपर्यंत काडतुसाचे टोक पुढे वळलेले असते. पिशवी गच्च भरू नये. दाटीतून काडतूस ओढताना दोन बाहेर येतात. दस्त्यावर काडतुसे अडकवण्याचा पट्टाही मी वापरून पाहिला, परंतु त्याने गाल टेकवण्याच्या जागेचा अंदाज बिघडला, म्हणून तो काढून टाकला.

हातांचा क्रम असा ठरला. बार झाला की उजव्या हाताची तर्जनी सर्वप्रथम चापाच्या कड्याबाहेर येते. दस्ता खांद्यावरून खाली येऊन उजवे कोपर आणि बरगड्या यांमध्ये दाबला जातो, तेवढ्यात अंगठा खटका ढकलतो आणि डावा हात पुढच्या लाकडी पकडीने नळी खाली ओढतो. डावा हात त्या पकडीवरून कधीही सुटत नाही, कारण नळी कोणत्या दिशेला आहे याची जबाबदारी त्याच्याकडे आहे. माझ्या बंदुकीला इजेक्टर नाही, फक्त एक्स्ट्रॅक्टर आहे. म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर फेकली जात नाही, ती काही मिलिमीटर वर उचलली जाते आणि बुडाच्या कडेला बोट घालून काढावी लागते. ती काढून तशीच खाली टाकायची, तिच्याकडे पाहायचे नाही, ती खिशात ठेवायची नाही. पुंगळ्या शेवटी एकत्र गोळा करता येतात. तोच हात पुढे पिशवीकडे जातो, काडतूस घेऊन चेंबरच्या काठाला तर्जनीचा स्पर्श करतो, आणि त्या स्पर्शाच्या आधाराने काडतूस आत सरकते. या काळात डोळे मैदानावर असतात.

बंद करण्याची रीत मी सर्वांत सावकाश शिकले. मनगटाच्या झटक्याने नळी वर फेकून बंदूक बंद करणे चित्रपटांत दिसते. त्यामुळे बिजागरी आणि कुलूप झिजते, आणि खटका पूर्ण बसला आहे की नाही हेही कळत नाही. योग्य रीत अशी की नळी स्थिर ठेवून दस्ता वर आणायचा. नळीचे तोंड त्यामुळे समोरच्या जमिनीकडेच राहते. दस्ता वर आला की उजवा अंगठा खटक्यावरून फिरतो आणि तो मध्यावर परतला आहे हे तपासतो. तोच अंगठा पुढे घोड्यावर जातो, पण घोडा चढतो तो बंदूक खांद्याला लागत असताना, चकती दिसल्यावर. तपासणे आणि चढवणे ही दोन कामे एकाच वाटेवर आल्यामुळे तपासणी वगळून वेळ वाचवण्याचा मोह मला कधी झाला नाही. दस्ता खांद्यावर आणल्यानंतर चकती पुन्हा शोधण्यात जाणारा वेळ तर बंदूक भरण्याइतकाच मोठा असतो, आणि नजर मैदानावरून न हटवल्याचा खरा फायदा तेथे मिळतो.

घरी सराव नकली काडतुसांवर केला. त्यासाठी वेगळ्याच रंगाची नकली काडतुसे घ्यावीत, खरी काडतुसे त्या खोलीत असू नयेत, आणि प्रत्येक वेळी आरंभी नळीतून आरपार पाहावे. थोडा वेळ, पण रोज केलेला सराव मला आठवड्यातून एकदा केलेल्या दीर्घ सरावापेक्षा अधिक उपयोगी पडला. थकलेल्या हातांनी केलेला सराव चुकीचा क्रम पक्का करतो, म्हणून बोटे अडखळू लागली की मी थांबत असे.

ऑक्टोबरमध्ये एक वेगळीच अडचण आली : काही फेऱ्यांनंतर पुंगळ्या चेंबरमध्ये घट्ट बसू लागल्या. हाताचा क्रम कितीही चांगला असला तरी पुंगळी निघाली नाही तर सर्व वेग संपतो. बारामागून बार झाल्यावर चेंबरमध्ये प्लॅस्टिकचा आणि दारूचा पातळ थर साचतो. नळी साफ करणाऱ्या पातळ ब्रशने तो निघत नाही, कारण चेंबर नळीपेक्षा रुंद असते. चेंबरसाठी असलेला जाड कांस्याचा ब्रश, साफ करण्याचा द्रव आणि शेवटी तेलाचा अगदी पुसट हात, एवढ्याने अडचण बरीचशी दूर झाली. उरलेली अडचण काडतुसे बदलल्यावर गेली. पितळाऐवजी पोलादी बुडाची स्वस्त काडतुसे काही बंदुकांच्या चेंबरमध्ये अधिक अडकतात, आणि माझी बंदूक त्यांपैकी एक आहे. मोठी पेटी घेण्यापूर्वी एकच डबा आणून पाहावा.

याच सुमारास प्रशिक्षकांनी जो सराव घेतला, त्याला मी संपूर्ण वर्षातील सर्वांत मोलाचा मानते. त्यांनी माझ्या पिशवीत खऱ्या काडतुसांमध्ये काही नकली काडतुसे मिसळली. चाप ओढल्यावर केवळ ‘टक’ असा आवाज झाला, तर बंदूक उघडायची नाही. नळी मैदानाकडे धरून निदान ३० सेकंद थांबायचे, कारण काडतूस उशिराने पेटण्याची शक्यता असते. लवकर भरण्याची सवय लागलेल्या अंगठ्याला या क्षणी थांबवणे अतिशय कठीण जाते. बार झाला की पुढचा क्रम, ‘टक’ झाले की स्तब्ध, आणि आवाज दबका किंवा धक्का अशक्त वाटला की सराव थांबवून, बंदूक रिकामी करून, नळीत वॉड (काडतुसातील दारू आणि छर्रे यांमधला बोळा) अडकलेला नाही हे आरपार पाहायचे. या तीन आवाजांतील फरक हातांना कळल्याशिवाय भरण्याचा वेग वाढवू नये, असे माझे ठाम मत आहे. या सरावात आणखी एक गोष्ट कळते : बार होण्यापूर्वीच खांदा आकसत असेल, तर नकली काडतुसावर नळी खाली जाताना स्वच्छ दिसते.

नोव्हेंबरपासून चकत्यांची जोडी सुरू झाली. दोन चकत्या एकदम सुटतात त्या प्रकारात एकनळी बंदुकीला वाव नाही. पहिल्या बाराच्या आवाजावर दुसरी चकती सुटणारा प्रकार मागून घ्यावा लागतो. क्लबने आमच्यासाठी दुसरी चकती जवळजवळ सरळ वर जाईल अशी ठेवली. दूर पळणारी चकती बंदूक भरून होईपर्यंत टप्प्याबाहेर जाते, वर जाणारी मात्र शिखरावर जवळजवळ थांबते आणि आवश्यक तेवढा अवधी देते. येथे मी पिशवीची पद्धत बाजूला ठेवली. जोडीत एकदाच पुन्हा भरायचे असते, म्हणून दुसरे काडतूस डाव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटात, बूड स्वतःकडे करून धरले. उजव्या हाताचा कमरेपर्यंतचा प्रवासच त्यामुळे वाचला. या रीतीत पकड थोडी सैल होते आणि जड भाराच्या धक्क्याने काडतूस निसटते. २४ ग्रॅमच्या काडतुसांनी तसे झाले नाही. लांब सरावात मात्र पिशवीच बरी, कारण नळी तापल्यावर बोटे तिच्यापासून दूर ठेवावी लागतात.

डिसेंबरमध्ये जोड्या फुटू लागल्या. आजही दुसरी चकती मी जितक्या वेळा फोडते, त्याहून अधिक वेळा ती शिखरावरून खाली येताना निसटते, आणि त्यामागे बहुतेक वेळा भरण्याचा उशीर नसतो. गाल दस्त्यावर नीट टेकण्यापूर्वीच बार निघालेला असतो. म्हणून सध्या सरावाचा पहिला भाग पुन्हा एका चकतीला आणि दस्ता खांद्यावर आणण्याच्या क्रियेला देते, आणि जोड्या शेवटी घेते. ज्यांना हा प्रकार करून पाहायचा आहे, त्यांनी क्लबला आधी तीन गोष्टी विचाराव्यात : जोडी आवाजावर सोडणारा माणूस मिळेल का, दुसरी चकती उंच लावता येईल का, आणि त्या जागेवर बंदूक भरून ठेवण्याविषयीचा नियम काय आहे. आमच्याकडे पहिले काडतूस जागेवर उभे राहिल्यानंतरच भरता येते आणि दुसरे पहिल्या बारापर्यंत बोटांतच ठेवावे लागते. उडवलेल्या काडतुसांची नोंद मी त्याच दिवशी वहीत करते, म्हणजे परवान्यावरील मर्यादेशी आणि नूतनीकरणाच्या वेळी मागितल्या जाणाऱ्या हिशेबाशी ती जुळते.